आधी आडवं, मग उभं – आलेखावर बिंदू मांडायला कसं शिकवायचं

सातवीच्या वर्गात फळ्यावर (२, ५) लिहावं आणि "हा बिंदू वहीत दाखवा" म्हणावं, की हमखास दोन वेगवेगळे बिंदू तयार होतात. काही लेकरं दोन घरं उजवीकडे सरकून पाच घरं वर चढतात. काही पाच घरं उजवीकडे जाऊन दोन घरं वर. मोजायला कुणीच चुकलेलं नसतं. आधी कुठं जायचं एवढंच त्यांना कुणी पक्कं सांगितलेलं नसतं, आणि तेवढ्यावरून "मला ग्राफ जमत नाही" असं ते लेकरू ठरवून टाकतं. मला हे फार लागतं, कारण हातापायानं करून बघता येईल असा गणितातला इतका सरळ भाग दुसरा क्वचितच असेल.

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात गणित शिकवतो. राज्य मंडळाच्या पुस्तकात 'निर्देशक भूमिती' हे प्रकरण नववीत, गणित भाग दोनमध्ये येतं. दहावीत तर पहिल्याच प्रकरणात दोन रेषांचा आलेख काढून समीकरणं सोडवायची असतात. पण त्याला लागणारं सगळं सामान, म्हणजे संख्यारेषा आणि ऋण संख्या, सहावीतच हातात आलेलं असतं. म्हणून नववीची वाट न बघता सहावी-सातवीतच हे करून घ्यावं. खाली दिलेला क्रम मी वर्गात वापरतो. घरी आई-वडिलांनाही तो जमेल. एका दिवसात उरकायचा नाही, आठ-दहा तासिका लागल्या तरी चालतील.

पहिली गोष्ट: बिंदू चौकोनात नसतो, फुलीवर असतो

ज्यांच्या घरी कापूस आहे त्या लेकरांना हे आधीच माहीत असतं, फक्त ते गणित आहे हे माहीत नसतं. फुलीवर लागवड करायची असली की रानात आधी एका दिशेनं सारख्या अंतरावर रेघा ओढतात, मग त्यांना काटकोनात दुसऱ्या रेघा. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथं फुली पडते आणि सरकी त्या फुलीवर टोबतात. दोन रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेत टोबत नाहीत. मग झाडं वर आली की "धुऱ्याकडून तिसऱ्या ओळीतलं पाचवं झाड" म्हटलं, की सांगणारा आणि ऐकणारा एकाच झाडापाशी येतात. दोन आकडे आणि कुठून मोजायचं याचं एकमत, एवढ्यावर अख्ख्या रानातलं एक झाड सापडतं.

बिंदू मांडणं म्हणजे हेच. तरी वहीत पहिल्या दिवशी बरीच लेकरं बिंदू चौकोनाच्या पोटात काढतात. त्याचं कारण साधं आहे. कॅलेंडरमधली तारीख चौकोनात असते, सापशिडीतला आकडा चौकोनात असतो, बुद्धिबळातलं प्यादं चौकोनात बसतं. त्यामुळे लेकरांना 'घर' म्हणजे चौकोनच वाटतो. आलेखावर मात्र आकडे रेघांना दिलेले असतात, म्हणून बिंदूची जागा दोन रेघांच्या छेदावर.

हे समजावून सांगत बसण्यापेक्षा दाखवावं. आपल्याकडे पुष्कळ घरांत आणि शाळांत शहाबादी फरशी असते. चौकोनी फरशा ओळीत बसवलेल्या असतील तर त्यांच्या सांध्यांची आयती जाळी मिळते. एका ठिकाणी, जिथं चार फरशांचे कोपरे मिळतात, तिथं खडूनं ठिपका द्यायचा. ही सुरुवातीची जागा. आता लेकराच्या हातात चिंचोके द्यावेत आणि सांगावं, "इथून तीन सांधे उजवीकडे, दोन सांधे पुढं, आणि चिंचोका सांध्यांच्या फुलीवर ठेव." दहा वेळा ठेवला की तो पुन्हा चौकोनात जात नाही. फरशी नसेल तर सारवलेल्या अंगणात रांगोळीच्या ठिपक्यांवर हेच होतं. ठिपक्यांच्या रांगोळीत तर बोटाला ही सवय आधीच असते.

दुसरी गोष्ट: मैदानात चालून बघणं

कागदाकडे जाण्याआधी एक तासिका मैदानात घालवावी. सामान थोडं लागतं: सुतळी, चुन्याची फक्की, आकडे लिहिलेले पुठ्ठ्याचे तुकडे.

आधी एक आडवी रेघ मारायची. सुतळी दोन्हीकडून ताणून धरली की फक्कीची रेघ सरळ येते. तिच्या मध्यावर उभी रेघ घ्यायची, आणि ती काटकोनातच हवी. नजरेनं काटकोन येत नाही. त्यासाठी दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारून बारा समान भाग करावेत आणि दोन्ही टोकं जोडावीत. मग तीन मुलांनी ती दोरी अशी ताणायची की एका बाजूला तीन भाग, दुसरीला चार, तिसरीला पाच येतील. तीन आणि चारच्या बाजू जिथं मिळतात तिथं बरोबर काटकोन असतो. पायथागोरसचा सिद्धांत पुढं शिकताना या दोरीची आठवण लेकरं स्वतः काढतात.

दोन रेघा जिथं छेदतात ती जागा आरंभबिंदू. तिथून दोन-दोन फुटांवर खुणा करायच्या. आडव्या रेघेवर उजवीकडे १, २, ३, ४, ५ आणि डावीकडे −१ ते −५. उभ्या रेघेवर वर १ ते ५, खाली −१ ते −५. आडवी रेघ म्हणजे एक्स-अक्ष आणि उभी रेघ म्हणजे वाय-अक्ष. जुन्या पुस्तकांत क्ष-अक्ष, य-अक्ष म्हणत, ते घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी अजून येतं. दोन्ही एकच, हे लेकरांना सांगून ठेवावं.

आता चिठ्ठ्या उचलायच्या. चिठ्ठीवर (४, ३) आलं तर आरंभबिंदूवर उभं राहायचं, आडव्या रेघेवरून चारपर्यंत चालायचं, तिथं वळायचं आणि उभ्या रेघेला समांतर तीन घरं जायचं. सगळ्या वर्गानं मोठ्यानं म्हणायचं: "आधी आडवं, मग उभं."

इथं एक अडचण येते आणि ती मला फार उशिरा कळली. (−३, २) साठी लेकरू डावीकडे तीन घरं चालत जातं आणि मग थबकतं. कारण डावीकडे चालताना त्याचं तोंड डावीकडे वळलेलं असतं, त्यामुळे त्याचा 'पुढं' आणि त्याचा 'उजवा' दोन्ही बदललेले असतात. बिचारं दोन घरं भलतीकडेच जातं आणि बाकीचे हसतात. म्हणून मैदानात उजवं-डावं हे शब्द वापरायचेच नाहीत. खुणेच्या जागा ठरवायच्या. आमच्याकडे धन एक्स म्हणजे लिंबाच्या झाडाकडे, ऋण एक्स म्हणजे हापशाकडे, धन वाय म्हणजे झेंड्याच्या खांबाकडे, ऋण वाय म्हणजे रस्त्याकडे. तोंड कुठंही असो, लिंब जागचा हलत नाही. दिशा अक्षाला असते, आपल्याला नसते. वहीतही हाच घोळ होतो, काही मुलं वही तिरपी-आडवी फिरवून लिहितात. बिंदू मांडताना वही सरळ ठेवायची हा नियम त्यासाठीच.

ऋण संख्यांची भीती मैदानात आपोआप जाते. तरी एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं धन आणि ऋण यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहिले होते, आणि त्यानं वापरलेला 'ऋण' शब्द म्हणजे कर्ज. दुकानात उधारी झाली की शून्याच्या पलीकडे गेलो. लेकरांना उधारी चांगली कळते.

तिसरी गोष्ट: कागदावर अक्ष काढणं

आलेख कागदावर एक सेंटिमीटरचे मोठे चौकोन असतात आणि त्यांत एकेका मिलिमीटरच्या बारीक रेघा. म्हणजे मोठ्या चौकोनाच्या एका बाजूत दहा बारीक भाग. पहिल्या आठवड्यात मात्र आलेख कागद नकोच, त्या बारीक रेघांत लेकरांची नजर हरवते. चौकटीची साधी गणिताची वही घ्यावी, दोन-दोन चौकटींचं एक घर धरावं.

पानाच्या मध्यावर, छापील रेघेवरच, पट्टीनं आडवी रेघ आणि तिला छेदणारी उभी रेघ काढायची. छापील रेघ सोडून मध्येच अक्ष काढला तर पुढचा प्रत्येक बिंदू अर्ध्या चौकटीनं हुकतो. टोकांना बाण द्यायचे, कारण रेघ पानापाशी संपली तरी अक्ष संपत नाही. छेदावर आरंभबिंदू, तिथं ०. मग खुणा आणि आकडे.

आकडे लिहिताना होणाऱ्या चुका नेमक्या ठरलेल्या आहेत. शून्याच्या जागीच १ लिहिला जातो, म्हणजे मोजणी एका घरानं सरकते. आकडा दोन रेघांच्या मधल्या जागेत लिहिला जातो. तो रेघेच्या बरोबर खाली हवा, एसटीच्या मार्गावरच्या किलोमीटरच्या दगडासारखा. आणि सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे डावीकडून वाचत आल्यामुळे मुलं टोकापासून −१, −२, −३ असं लिहित शून्याकडे येतात. शून्याला चिकटून −१ हवा, आणि शून्यापासून लांब जाऊ तसं −२, −३. हे तपासायला एकच प्रश्न पुरतो: "शून्यापासून एक पाऊल डावीकडे टाकलं, तर तू कुठं आहेस?"

पानाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी: "दोन्ही अक्षांवर प्रमाण: १ सेमी = १ एकक." दहावीत याच ओळीला मुलं विसरतात.

चौथी गोष्ट: बिंदू मांडणं

कंसातली जोडी म्हणजे क्रमित जोडी. पहिला आकडा एक्स-निर्देशक, दुसरा वाय-निर्देशक. 'क्रमित' हा शब्द फळ्यावर मोठा लिहून त्याखाली रेघ मारावी, सगळा जीव त्या शब्दात आहे. (२, ५) आणि (५, २) हे दोन वेगळ्या घरांचे पत्ते आहेत.

(४, ३) मांडू. पेन्सिलीचं टोक आरंभबिंदूवर ठेवायचं. हे न चुकता. आधीचा बिंदू जिथं मांडला तिथूनच पुढं मोजायला लागणारी मुलं दर वर्गात असतात, म्हणून प्रत्येक नव्या बिंदूला पेन्सिल परत आरंभबिंदूवर यायलाच हवी. टोक एक्स-अक्षावरून सरकवत ४ पर्यंत. तिथून वर जाणाऱ्या उभ्या रेघेवर ३ घरं. थांबलो तिथं टोकदार पेन्सिलीनं बारीक ठिपका, शेजारी अ हे नाव आणि कंसात जोडी. ठिपका मोठा गोळा नको. जाड ठिपका तीन रेघांवर पसरतो आणि मग तो नेमका कुठं आहे हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

(−४, ३) साठी एक्स-अक्षावर डावीकडे ४, मग वर ३. (−२, −५) साठी डावीकडे २, मग खाली ५. (५, −१) साठी उजवीकडे ५, मग खाली १. चिन्ह दिशा सांगतं, अंक किती जायचं ते सांगतो. लेकरांना दोन्ही वेगळं म्हणायला लावावं: "कुणीकडे?" "डावीकडे." "किती?" "चार." पहिले आठ-दहा बिंदू असे तोंडानं म्हणत मांडले की पुढं म्हणायची गरज उरत नाही.

या चार बिंदूंनी पानाचे चारही भाग गाठले. दोन अक्ष पानाचे चार भाग करतात, त्यांना चरण म्हणतात. उजवीकडे वरचा पहिला, डावीकडे वरचा दुसरा, डावीकडे खालचा तिसरा आणि उजवीकडे खालचा चौथा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. चिन्हांचा तक्ता पाठ करून घेऊ नये. (−७, २) कोणत्या चरणात असेल हे कागद न उघडता विचारावं, लेकरू मनात डावीकडे आणि वर जाऊन स्वतः "दुसऱ्या" म्हणतं. तसं म्हणालं की तक्ता त्याच्या डोक्यात तयार झाला.

रेने देकार्त या फ्रेंच गणितज्ञानं १६३७ साली आपली भूमिती छापली, तेव्हापासून बिंदू आणि संख्यांच्या जोडीचं हे नातं गणितात रुजलं. कार्तेशियन हा शब्द त्याच्याच नावावरून आला.

शून्य असलेल्या जोड्या

इथं घाई करू नये. चार चरणांत सराईत झालेलं पोरगंही (०, ४) ला अडखळतं.

"सर, शून्य म्हणजे आडवं जायचंच नाही का?"

"नाही जायचं. मग कुठं उभा आहेस तू?"

"इथंच, आरंभबिंदूवर."

"आता उभं किती?"

"चार… म्हणजे वाय-अक्षावरच थांबायचं?"

हा संवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि दरवेळी शेवटच्या वाक्यात आश्चर्य असतं. आश्चर्याचं कारण असं, की मुलांना वाटतं बिंदू अक्षांच्या आत, चरणातच असायला हवा. अक्षावर बिंदू बसू शकतो हे त्यांच्या मनात आलेलंच नसतं. त्यामुळे काही जण (०, ४) ला (४, ०) मांडतात, काही शून्य सोडून (१, ४) वर जातात, काही दोन ठिपके देतात, एक आरंभबिंदूवर आणि एक चारवर.

एक नियम मुलांना हमखास उलटा आठवतो: एक्स-निर्देशक शून्य असेल तर बिंदू वाय-अक्षावर, वाय-निर्देशक शून्य असेल तर एक्स-अक्षावर. 'एक्स शून्य, म्हणजे एक्स-अक्षावर' असंच कानाला बरोबर वाटतं. म्हणून नियम सांगण्याऐवजी मैदानातली चाल आठवायला लावावी. आडवं पाऊल टाकलंच नाही, तर उभ्या रेघेवरून हलणार कसे? (−३, ०) मध्ये आडवं तीन गेलो, उभं गेलोच नाही, म्हणजे आडव्या रेघेवरच राहिलो. (०, ०) मध्ये कुठंच गेलो नाही. अक्षावरचा बिंदू कोणत्याच चरणात नसतो, हेही याच वेळी सांगून टाकावं.

एक अख्खी तासिका फक्त शून्याच्या जोड्यांना द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आलेख कागद आणि दशांश

आता आलेख कागद काढायचा. १ सेमी = १ एकक धरलं की एक बारीक भाग ०.१ होतो. (१.५, −२.४) साठी उजवीकडे एक मोठं घर आणि पाच बारीक भाग, मग खाली दोन मोठी घरं आणि चार बारीक भाग. ऋण दशांशात एक चूक ठरलेली: −२.४ साठी मुलं −३ पर्यंत जाऊन चार भाग पुढं सरकतात, किंवा −२ वरून शून्याकडे चार भाग परत येतात. −२.४ हा −२ च्या पलीकडे, −३ च्या दिशेनं असतो. शून्यापासून लांब जात राहायचं, मागं फिरायचं नाही.

उलट काम: मांडलेल्या बिंदूचा पत्ता वाचणं

मांडणं जमलं की वाचायला द्यावं. बिंदूपासून सरळ उभ्या रेघेनं एक्स-अक्षापर्यंत यायचं, तिथला आकडा पहिला. मग बिंदूपासून आडव्या रेघेनं वाय-अक्षापर्यंत, तिथला आकडा दुसरा. गुण्या लावला तर नजर घसरत नाही. इथं क्रमाची चूक परत डोकं वर काढते. बिंदूपासून खाली उतरलो म्हणून 'आधी उभं' झालं असं वाटतं. पण उतरून आपण पोचलो एक्स-अक्षावर, आणि तिथला आकडा एक्सचाच.

यानंतर एक छोटं गणित. तीन बिंदू मांडा: (−३, २), (४, २), (४, −२). चौथा असा शोधा की आयत होईल. (−३, −२) येतो. मग आयताची लांबी विचारावी. ४ मधून ३ वजा करून "एक" असं उत्तर देणारी मुलं निघतात. त्यांना बोटानं घरं मोजायला लावावं: −३ ते ० तीन घरं, ० ते ४ चार घरं, मिळून सात. उंची चार. परिमिती २२ एकक, क्षेत्रफळ २८ चौरस एकक. ऋण संख्या वजा करताना बेरीज का होते, हे सूत्रापेक्षा या आयतानं जास्त मुलांना पटतं.

मराठवाडा एका कागदावर

आता मला सर्वांत आवडणारं काम. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांची मुख्य शहरं आलेखावर मांडायची, परभणीला आरंभबिंदू धरून. परभणी साधारण मध्ये आहे, त्यामुळे बाकीची शहरं चारही चरणांत पडतात.

मोबाइलच्या नकाशात शहरावर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात. परभणीचे एका दशांशापर्यंत १९.३ आणि ७६.८. इथं मोठा सापळा आहे. नकाशा अक्षांश आधी देतो, रेखांश नंतर. अक्षांश सांगतात उत्तर-दक्षिण, म्हणजे उभं. रेखांश सांगतात पूर्व-पश्चिम, म्हणजे आडवं. आपली पद्धत आधी आडवं. म्हणून नकाशातले आकडे उलटे करून लिहायचे: परभणी (७६.८, १९.३). हे न करता मांडलं तर नांदेड परभणीच्या वर, उत्तरेला चढून बसतं, आणि ज्यानं नांदेडला रेल्वेनं प्रवास केलाय ते पोरगं लगेच म्हणतं, काहीतरी चुकलं.

बाकी शहरांचे आकडे, रेखांश आधी घेऊन: छत्रपती संभाजीनगर ७५.३ आणि १९.९, जालना ७५.९ आणि १९.८, बीड ७५.८ आणि १९.०, धाराशिव ७६.० आणि १८.२, लातूर ७६.६ आणि १८.४, नांदेड ७७.३ आणि १९.२, हिंगोली ७७.२ आणि १९.७. बोट शहराच्या कोणत्या भागावर ठेवलं त्यावरून शेवटच्या अंकात एकाचा फरक पडू शकतो, त्यावर वाद घालू नये.

आता प्रत्येक आकड्यातून परभणीचा आकडा वजा करायचा आणि उत्तराला दहानं गुणायचं, म्हणजे दशांश जातो. संभाजीनगरसाठी ७५.३ वजा ७६.८ बरोबर −१.५, दहानं गुणून −१५. १९.९ वजा १९.३ बरोबर ०.६, म्हणजे ६. जोडी (−१५, ६). त्याच रीतीनं:

जालना (−९, ५)
बीड (−१०, −३)
धाराशिव (−८, −११)
लातूर (−२, −९)
नांदेड (५, −१)
हिंगोली (४, ४)

वजाबाकी लेकरांकडूनच करून घ्यावी, वरच्या जोड्या फक्त ताळा करायला वापराव्यात.

कागदावर उतरण्याआधी एक विचार करायचा, जो परीक्षेतही कामाला येतो. एक्सचे आकडे −१५ पासून ५ पर्यंत आहेत, वायचे −११ पासून ६ पर्यंत. म्हणजे डावीकडे आणि खाली जास्त जागा लागणार. आरंभबिंदू पानाच्या मध्यावर न घेता उजवीकडे आणि थोडा वर घ्यायचा. १ सेमी = १ एकक धरलं तर आडवे वीस सेंटिमीटर लागतील आणि कागद अपुरा पडण्याची भीती. अर्धा सेंटिमीटर = १ एकक धरलं की सगळं दहा सेंटिमीटर रुंदीत बसतं. आधी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठे आकडे बघायचे, मग प्रमाण आणि आरंभबिंदूची जागा ठरवायची.

मांडून झालं की बघावं: पहिल्या चरणात हिंगोली, दुसऱ्यात संभाजीनगर आणि जालना, तिसऱ्यात बीड, धाराशिव, लातूर, चौथ्यात नांदेड. एक घर म्हणजे अंशाचा दहावा भाग, उत्तर-दक्षिण सुमारे ११ किलोमीटर, आपल्या भागात पूर्व-पश्चिम त्याहून किंचित कमी. दोन्ही जवळजवळ सारखे असल्यामुळे कागदावरचा आकार भिंतीवरच्या नकाशाशी जुळतो. एखादं शहर भलतीकडे पडलं तर मुलं स्वतः शोधतात. धाराशिव लातूरच्या पूर्वेला दिसलं, म्हणजे चिन्ह चुकलं. बीड जालन्याच्या वर गेलं, तर उभी दिशा चुकली. इथं मास्तरानं लाल पेन घेऊन बसायची गरज पडत नाही.

मग वर्गाचे दोन गट करावेत. दुसऱ्या गटानं लातूरला आरंभबिंदू धरून हेच काम पारदर्शक बटर पेपरवर करायचं, प्रमाण तेच ठेवायचं. त्यांच्या कागदावर परभणी (२, ९) वर येते, संभाजीनगर (−१३, १५) वर. सगळे पत्ते बदलतात. झाल्यावर बटर पेपर पहिल्या गटाच्या कागदावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला लावायचे आणि लातूरवर लातूर जुळवून अक्ष समांतर धरायचे. आठही ठिपके एकमेकांवर बसायला हवेत. जो बसत नाही, त्या शहराची वजाबाकी दोन्ही गटांनी परत करून बघायची.